तुमच्यावर अवलंबून किती?

७ जानेवारी १९९६, रविवार

ऑफिसातून नव्या वर्षाची डायरी मिळाली. लिहिली नाही तर आई तिची पानं डब्यांखाली घालणार, म्हणून लिहायला घेतो.

काल बँकेत गेलेलो. डोंबिवलीत एका बिल्डिंगीत खोल्यांचं बुकिंग चाललंय, तिथे कर्ज मिळेल का ते विचारायला. साहेब बोलायला चांगला होता. याआधी कुठलं कर्ज घेतलंय का, असं त्याने विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, मीच काय, आमच्या घराण्यात कुणी कुणाचा एक पैसा घेतलेला नाही. मला वाटलं, माणूस खूष होईल. तो म्हणाला, "मग घोलप, तुम्हाला ओळखायचं कसं? ज्याने कधी घेतलंच नाही, तो परत करणारा आहे की बुडवणारा, हे आम्हाला कळणार कुठून?" म्हणजे तेवीस वर्षं सरळ वागलो ते सगळं मुसळ केरात.

दिव्याच्या या जागेतून बाहेर पडायचं एवढंच माझ्या डोक्यात आहे. इथे नळाला पाणी पहाटे येतं, आलं तर. चार माणसांना खोली एक आणि स्वयंपाकघर. आबांचा पाय कारखान्यात गेल्यापासून ते कॉटवरच असतात, दोन जिने उतरणं त्यांना जमत नाही. आई, मी, आणि दिवाळीपासून मालनआक्का.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मोहन्याला, आंबिवलीजवळ, दिलेली. मूल झालं नाही, त्यावरून तिकडे कुरबुरी असतात. दाजींचा हात जरा सैल आहे. या खेपेला तिचं डाव्या हाताचं एक बोट वाकडंच राहिलं. आई म्हणते, राग निवला की येतील न्यायला. अजून निवलेला दिसत नाही.

१० जानेवारी, बुधवार

आज ऑफिसात एक शिवराम पाटकर म्हणून एजंट आला. टाय, काळी बॅग, बोलणं फास्ट. परदेशी बँकेची क्रेडिट कार्डं करून देतो. मी त्याला बँकेतली गोष्ट सांगितली तर म्हणाला, यार, तुमच्यासाठीच तर हे आहे. एकदा कार्ड आलं, सहा महिने टायमावर पैसे भरले, की तुमची हिस्ट्री तयार. मग बँका स्वतः बोलावतात. फक्त पहिलं कार्ड मिळणं कठीण, कारण तेही हिस्ट्री विचारतात. आधी कोंबडी की आधी अंडं. शिवाय दिवा त्यांच्या यादीत बरा एरिया नाही. तरी तो बघतो म्हणाला.

फॉर्म इंग्रजीत, चार पानी. फोन नंबरला समोरच्या शेवंतीकाकूंचा दिला आणि पुढे पीपी, म्हणजे शेजाऱ्यांचा, असं लिहिलं. एका ठिकाणी तुमच्यावर अवलंबून किती, असा रकाना होता. मी तीन लिहिलं. पाटकरने तो फॉर्म फाडला आणि नवा काढला.

"पगार एवढा आणि खाणारी तोंडं तीन? लगेच रिजेक्ट. आईवडील ठेवा, ते सगळ्यांनाच असतात. बहिणीचं लग्न झालंय ना? मग ती नवऱ्याची जबाबदारी, तुमची कशी काय?"

बोलायला बरोबर होतं. दोन लिहिलं. सही केली.

तसं पाहिलं तर आक्का अवलंबून आहे का हाही प्रश्नच आहे. ती साड्यांना फॉल लावते, सिलिंडर तिच्याच पैशातून येतो. पहाटेचं पाणीही तीच भरते. पण फॉर्मवर असल्या गोष्टींना जागा नसते.

१६ जानेवारी, मंगळवार

पाटकरचा फोन. बँकेचा माणूस घरी तपासणीला येणार. आठ-दहा दिवसांत कधीही, दहा ते सहाच्या मध्ये, आधी सांगणार नाही. फॉर्मवर आहे तेच घरात दिसलं पाहिजे. शेजारीपाजारीही विचारतात.

जेवताना घरात सांगितलं. आबा ताटात बघत राहिले. आई म्हणाली, कुणी पाहिलंच तर पाहुणी आहे म्हणू. मी म्हटलं, पाहुणी म्हटलं की किती दिवस, कुठली, हे आलंच. मी पुढे काही बोलायच्या आत आक्काच म्हणाली, "दहा ते सहाच ना? मी तेवढा वेळ बाहेर बसेन."

समजूतदार आहे. मला सांगावंसुद्धा लागलं नाही. आईने तिच्या दोन साड्या दोरीवरून काढून ट्रंकेत टाकल्या. आरशावरच्या टिकल्याही काढल्या, कारण आई कुंकू लावते.

शेवंतीकाकूंनाही बँकेचं सांगून ठेवलं. घरात तीनच माणसं म्हणा, म्हटलं. त्यांनी डोळा मिचकावला. का ते कळलं नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

माणूस आला नाही. आक्का रोज साडेनऊला पिशवीत साड्या आणि सुईदोरा घेऊन निघते. पहिले दोन दिवस स्टेशनात बायकांच्या बाकावर फॉल लावत बसली. काल टीसीने पकडलं. तिकीट नाही, प्लॅटफॉर्म तिकीट नाही. तिने त्याला सांगितलं, कुठे जायचंच नाही मला. त्याला तो उद्धटपणा वाटला. दंड भरून आली.

मी म्हटलं, आक्का, जरा डोकं चालवायचं. देवळात बसायचं. ती म्हणाली, देवळात पुजारी विचारतो, कुणाची तू.

२२ जानेवारी, सोमवार

आज ती चालत शीळफाट्यापर्यंत जाऊन परत आली. बसून राहिलं की लोक बघतात, चालत राहिलं की कुणी विचारत नाही, असं म्हणाली. पायाला फोड आलेत. आईने तेल लावून दिलं. आबा मला म्हणाले, अजून किती दिवस? मी काय सांगणार, माझ्या हातात आहे का ते. मलाही बरं वाटत नाही, पण आठ दिवसांचा प्रश्न आहे. हिच्यासाठीच तर मोठी खोली हवी. हे माझं मीच स्वतःला तीनदा सांगितलं आज.

२५ जानेवारी, गुरुवार

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. माणूस येऊन गेला.

मी ऑफिसात होतो. सगळं शेवंतीकाकूंनी साग्रसंगीत सांगितलं. चष्मेवाला, हातात पॅड. आईला चार प्रश्न विचारून तो काकूंकडे वळला. मुलगा कसा आहे, किती वर्षं राहतो, नोकरी पक्की का, दारूबिरू, घरात माणसं किती. आता असले प्रश्न आमच्यात एकाच कामासाठी विचारतात. बँकेचं मी काकूंना सांगितलेलं, पण त्यांना पहिल्यापासून वाटत होतं की बँक हा बहाणा आहे, मुलीकडच्यांनी गुपचूप चौकशीला माणूस लावलाय आणि मी लाजतोय. डोळा मिचकावला तो त्यासाठी. मग त्यांच्या जिभेला हाडच राहिलं नाही. मुलगा सोन्याचा तुकडा. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. बहीण एकच, ती सासरी सुखात, दोन मुलं, थोरला इंग्लिश मीडियमला. माहेरी परत आलेली बहीण असली की स्थळ मोडतं, हे काकूंना कुणी शिकवायला नको. चांगल्यासाठीच बोलल्या त्या.

नेमकी तेव्हाच आक्का जिना चढून आली. पाच वाजले होते. घसा सुकला म्हणून पाणी प्यायला आली असं नंतर कळलं. तो माणूस वळून बघायला लागला. काकूंनी क्षणही दवडला नाही.

"फॉलवाली ना गं तू? आज काही नाहीये बाई, उद्या ये."

"बरं," आक्का म्हणाली, आणि आल्या पावली खाली गेली.

हे सांगताना काकूंना हसू आवरेना, पदर तोंडाला लावला. मीही पोट धरून हसलो. आई पोळ्या लाटत होती, ती हसली नाही. आक्का साडेसातला आली. मी म्हटलं, आक्का, सुटलीस, उद्यापासून घरातच बस. तिने उभ्याउभ्या तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या जागेवर ठेवला.

२८ जानेवारी, रविवार

पाटकर म्हणाला, रिपोर्ट फर्स्ट क्लास आहे. शेजारणीने तर कमाल केली म्हणे.

आक्का बोलत नाही फारशी. म्हणजे रागावली आहे असं नाही, विचारलं की उत्तर देते. सगळ्या साड्या पुऱ्या करून ज्याच्या त्याला पोचवल्या. नवं काम घेतलं नाही. दोरीवर तिच्या साड्या पुन्हा घालायला आईने काढल्या, तर म्हणाली राहू देत ट्रंकेत.

४ फेब्रुवारी, रविवार

आक्का आज मोहन्याला गेली.

दाजींचा निरोप आला म्हणाली. कुणाबरोबर आला हे विचारायचं राहून गेलं. फोन तर काकूंकडेच येतो आणि काकूंना काही माहीत नव्हतं. कुणी भेटलं असेल बाजारात. मी स्टेशनपर्यंत सोडायला गेलो, पिशवी मीच घेतलेली. ती म्हणाली, पाण्याला आईला एकटीला पाठवू नकोस, तिची कंबर दुखते. मी हो म्हटलं.

सुंठीवाचून खोकला गेला. असं लिहिलं आणि वाचून बरं वाटेना. खोडत नाही, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. हलकं वाटतंय, हे खरं आहे. शेवटी बाईमाणूस आपल्या घरीच शोभतं. दाजीही आता निवले असणार.

आबांनी विचारलं, "तिला थांब म्हणालास का?" मी म्हटलं, तिलाच जायचं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

२ मार्च, शनिवार

कार्ड आलं!

कुरिअरने, ऑफिसच्या पत्त्यावर. उत्तम एम घोलप, उठावदार अक्षरांत. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी नाव वाचता येतं. साहेबांना दाखवलं, त्यांनी त्यांचं काढून माझ्या कार्डाशेजारी धरलं. दोन्हींची लांबी-रुंदी सारखी. घरी आईने देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावायला निघालेली, मी अडवलं. आबांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. चांगलंय म्हणालेही नाहीत. पाय गेल्यापासून माणूस फार कडू झालाय.

पाणी आईच भरते. मला पहाटे जाग येत नाही.

१० मार्च, रविवार

ठाण्याला जाऊन बूट घेतले. दुकानदाराने कार्ड एका लोखंडी पट्टीत ठेवून वर कागद घातला आणि दांडा खरकन इकडून तिकडे ओढला. मग बँकेत फोन करून माझं नाव सांगितलं. मी काउंटरला टेकून उभा होतो. पलीकडे कुणीतरी मला ओळखत होतं. आतड्यापर्यंत समाधान झालं, दुसरा शब्द नाही.

१४ एप्रिल, रविवार

आई गेले महिनाभर मागे लागलेली, म्हणून आज मोहन्याला गेलो. आंबिवलीला उतरून चालत.

दाजी नव्हते. सासू दारातच बसलेली. आक्काने चहा आणला, एका हाताने. दुसरा पदराआड. वाळली आहे. मी विचारलं, हाताला काय झालं, तर सासूच बोलली, घसरली मोरीत. सासू शेजारी दूध आणायला गेली तेव्हा मी म्हटलं, आक्का, चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. मी हे अगदी पोटातून बोललो, उगाच तोंडदेखलं नाही.

तिने विचारलं, "आणि कुणी विचारायला आलं तर?"

"आता कोण येतंय विचारायला? कार्ड मिळालं की," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

मला वाटलं पिशवी भरायला गेली. मी बूट घालून तयार बसलो. ती बाहेर आली ती सूप घेऊन, आणि तांदूळ निवडत बसली. सासू परत आली. मग मी उठून निघालो. येताना सगळा रस्ता विचार करत होतो की मी चुकीचं काय बोललो. आईला सांगितलं, बरी आहे.

२० एप्रिल, शनिवार

बँकेतल्या साहेबाला भेटलो. कार्ड बघून त्याने खुर्ची दिली. सहा महिने व्हायचे होते, तरी कर्जाचा अर्ज घेतला. मे महिन्यात त्यांचा माणूस घरी तपासणीला येईल.

म्हणून आक्काला आणायचं मे संपल्यावर, असं मी ठरवलंय. आत्ता आणलं तर पुन्हा तिला दिवसभर बाहेर काढावं लागणार, आणि ते तिच्याच जिवाला त्रासाचं. या अर्जातही दोनच लिहिलंय, कार्डाच्या फॉर्मशी जुळायला हवं. खोली झाली की मग कुणी काही विचारू दे. आईला नीट समजावलं. ती म्हणाली, तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. हे तिने कशा अर्थाने म्हटलं ते कळलं नाही.

५ मे, रविवार

आईने पुरणपोळ्या करून डबा दिला, नुसती बघून तरी ये म्हणाली. गेलो.

सासू मला बघून म्हणाली, "डबा कुणाला? ती तुमच्याकडंच हाय की." दहा दिवस झाले म्हणे. पहिल्यांदा मला वाटलं, आमची चुकामूक झाली, ती आज दिव्याला पोचली असेल. मग दहा दिवस हा शब्द डोक्यात शिरला.

दाजी आतून बाहेर आलेच नाहीत. सासू म्हणाली, माहेराशिवाय जाणार कुठं, नाटकं करता काय. मी जिन्यात येऊन उभा राहिलो. शेजारच्या खोलीतून एक म्हातारी हळूच बाहेर आली, दगडाबाई म्हणून. मला बाजूला घेतलं. त्या गुरुवारी सकाळी आक्का पिशवी घेऊन निघाली, तेव्हा हिनेच तिला हटकलं होतं.

"म्यां इचारलं, माहेरी चाललीस का गं? तर म्हनली, न्हाई मावशी, तिथं माझं नाव न्हाई."

कुठे चाललीस, हे म्हातारीने विचारलं होतं. आक्का म्हणाली, चालत जाते. एवढंच. तोंड सुजलेलं होतं, असंही म्हातारी म्हणाली.

शहाड स्टेशनात प्रत्येक बाकावर बघितलं. कल्याणला बघितलं. दिव्याला उतरल्यावर सगळे प्लॅटफॉर्म पालथे घातले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रडलीसुद्धा नाही. म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. कधी, असं मी विचारलं. ती म्हणाली, फॉलवाली म्हटलं आणि पोर बरं म्हणाली, तेव्हा.

मी इतका मूर्ख कसा? त्या दिवशी मी हसलो होतो. पोट धरून.

६ मे, सोमवार

रजा टाकली. पोलीस चौकीत जायला निघालो तर आबा कॉटवरून उठले, काठी मागितली. मी म्हटलं, तुम्ही कसे येणार, त्यांनी ऐकलं नाही. दोन जिने बसत-सरकत उतरले. मी हात दिला तो घेतला नाही.

हवालदाराने आक्काचा लग्नातला फोटो घेतला, कागद पुढे ओढला. नाव, वय, वर्ण, अंगात काय होतं. अंगात काय होतं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. डाव्या हाताचं बोट वाकडं, हे मी सांगितलं. सासरी कधीपासून होती? फेब्रुवारीपासून. त्याआधी? दिवाळीपासून आमच्याकडे. नांदत नव्हती, कायमची आलेली का, असं त्याने विचारलं.

"नाही, पाहुणी म्हणून," मी म्हणालो.

मी विचार करून बोललो नाही. माझ्या तोंडातून ते सरावाने गेलं, आणि गेल्यावर मलाच ऐकू आलं. हवालदार लिहायला लागला होता. आबा भिंतीला धरून उभे होते, धापा टाकत. ते पुढे आले आणि त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"पाहुणी न्हवती साहेब. घर तिचं होतं. मी बाप आहे, मी गप बसलो, पण घर तिचं होतं. तसं लिवा."

हवालदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पेनाला टोपण लावलं.

"आधी तुम्ही बापलेक बाहेर बसून काय ते एक ठरवा," तो म्हणाला, "मग मला सांगा."

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. मला आबांच्या तोंडाकडे बघवलं नाही.